पडद्यावरच्या पात्रांची निवड आणि ऐच्छिकतेची खूण : एका प्रयोगमालिकेचा प्रकरण अभ्यास

एखादी कृती माणसाने स्वेच्छेने केली की नाही, हा निवाडा आपल्याला सतत करावा लागतो. मुलाच्या हातून पेला पडला की त्याने तो पाडला, हे घरात ठरवावे लागते. संमतिपत्रावर रुग्णाने समजून-उमजून सही केली की नातेवाइकांच्या दडपणाखाली, हे रुग्णालयात. आणि कबुलीजबाब खुशीने दिला की धाकाने, हे न्यायालयात. निवाडा करताना आपण करणाऱ्याच्या मनाबद्दल बोलतो, पण मन कोणालाही थेट दिसत नाही. दिसते ते वर्तन, त्याआधीची परिस्थिती आणि त्यानंतरचा परिणाम. या तीन दिसणाऱ्या गोष्टींमधून ऐच्छिकतेची खूण पटते का, आणि पटत असेल तर ती प्रयोगशाळेत हाती लागू शकते का, असा प्रश्न निवडीवर प्रयोग करणाऱ्या काही वर्तनशास्त्रज्ञांनी गांभीर्याने विचारला. त्यांच्यापैकी ॲलन न्यूरिंजर, ग्रेग जेन्सन आणि पॉल पिफ यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगमालिकेचा हा अभ्यास आहे.

माझे मत आधीच नोंदवतो. या प्रयोगांना जे सापडले ते खरे आहे आणि मोलाचे आहे; मात्र ती पाहणाऱ्याला पटणारी खूण आहे. ऐच्छिकतेपर्यंत पोहोचायचे असेल, तर निवडींची एकच मालिका पाहून भागत नाही. परिस्थिती बदलल्यावर ती मालिका कशी बदलते, हे पाहावे लागते. आणि त्या दिशेचे काम याच परंपरेत, कबुतरांवर, वीसेक वर्षे आधी झालेले होते.

प्रकरण

न्यूरिंजर हे अमेरिकेतील ओरेगन राज्यात पोर्टलंड येथील रीड कॉलेजमध्ये प्राध्यापक होते. साधक अभिसंधानाच्या, म्हणजे परिणामांमुळे घडत जाणाऱ्या वर्तनाच्या अभ्यासात त्यांचे आयुष्य गेले. या अभ्यासात एक जुना पेच आहे. डोळ्यावर वाऱ्याचा झोत आला की पापणी मिटते, ही प्रतिक्षिप्त क्रिया. तिचे कारण आधीच्या उद्दीपकात सापडते. कळ दाबणे, चोच मारणे, शब्द उच्चारणे यांचे तसे नाही. त्यांच्याआधी ठरावीक उद्दीपक दाखवता येत नाही. त्या कृती जणू आतून येतात आणि त्यांच्यामागून येणारा परिणाम पुढच्या वेळी त्या वाढवतो किंवा घटवतो. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी हा भेद मांडला तेव्हापासून दुसऱ्या प्रकारच्या वर्तनाला ऐच्छिक म्हणावे का, यावर वाद आहे. स्किनर स्वतः इच्छास्वातंत्र्य मानत नव्हते. न्यूरिंजर यांनी तो वाद तत्त्वज्ञांवर न सोपवता प्रयोगाच्या चौकटीत आणायचे ठरवले.

प्रयोगाची मांडणी अशी होती. प्रयुक्तांना, म्हणजे प्रयोगात भाग घेणाऱ्यांना, संगणकाच्या पडद्यावर काही पात्रांचे प्रतिसाद दाखवले जात. प्रत्येक पात्र उपलब्ध पर्यायांतून पुन्हा पुन्हा निवड करी आणि त्या निवडीला कधी बक्षीस मिळे, कधी मिळत नसे. प्रयुक्ताचे काम एवढेच, की एखादा खरा माणूस स्वेच्छेने निवड करील तिच्याशी या पात्राची निवड किती मिळतीजुळती आहे, याचा अंदाज द्यायचा. प्रत्यक्षात पडद्यामागे माणूस नव्हताच. सर्व पात्रांचे प्रतिसाद संगणकीय सूत्राने तयार केलेले होते आणि पात्रापात्रांत फरक होता तो त्या सूत्रातील एका संख्येचा. त्या संख्येत या प्रकरणाचे सगळे मर्म आहे, म्हणून ती कोठून आली हे नीट पाहावे लागेल.

सूत्रामागची कबुतरे

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हर्नस्टाइन यांनी हार्वर्डमध्ये केलेला प्रयोग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. भुकेल्या कबुतरासमोर दोन कळा असत. कोणत्याही कळीवर चोच मारता येई आणि दोन्ही कळांवर धान्य मिळण्याची व्यवस्था एकमेकींपासून स्वतंत्र चाले. व्यवस्था वेळेवर आधारलेली होती: सरासरी अमुक मिनिटांनी, पण नेमके कधी ते न कळेल अशा रीतीने, त्या कळीचे धान्य तयार होई आणि पुढची चोच पडेपर्यंत तयारच राही. दोन्ही कळा मिळून तासाला साधारण ४० वेळा धान्य मिळेल, असा हिशेब ठेवलेला होता. बदलत होता तो त्यांतला वाटा. एका कळीवरून दुसरीवर गेल्यावर दीड सेकंद धान्य मिळणार नाही, अशीही अट होती, कारण तिच्याशिवाय नुसत्या ये-जा करण्यालाच बक्षीस मिळाले असते.

निष्पन्न झाले ते विलक्षण साधे होते. ज्या कळीवर एकूण धान्याचा जेवढा वाटा मिळे, जवळजवळ तेवढाच एकूण चोचींचा वाटा कबुतर त्या कळीवर खर्च करी. याला जुळणीचा नियम म्हणतात. पुढे विल्यम बॉम यांनी १९७४ आणि १९७९ मध्ये हा नियम अधिक व्यापक केला, कारण प्रत्यक्षातले प्राणी दरवेळी अचूक जुळत नाहीत. त्यांच्या सूत्रात निवडींचे गुणोत्तर हे बक्षिसांच्या गुणोत्तराच्या एका घाताइतके असते आणि तो घातांक प्राण्याची संवेदनशीलता दाखवतो. (एका बाजूचा मुळातला कल दाखवणारा आणखी एक गुणक सूत्रात आहे, तो येथे बाजूला ठेवतो.)

समजा, डावीकडे ३० आणि उजवीकडे १० बक्षिसे मिळाली, म्हणजे गुणोत्तर ३ झाले. घातांक १ असेल तर निवडींचेही गुणोत्तर ३ येते आणि १०० पैकी ७५ निवडी डावीकडे जातात. घातांक २ असेल तर गुणोत्तर ९ होते आणि डावीकडच्या निवडी ९० होतात. हे पात्र जास्त देणाऱ्या बाजूला जवळजवळ चिकटून बसते. घातांक अर्धा घेतला तर गुणोत्तर सुमारे १.७३ येते आणि डावीकडच्या निवडी ६३ च्या आसपास राहतात. घातांक शून्य असेल तर बक्षीस कोठेही मिळो, निवड ५०-५० होते; या पात्राला परिणामांची दखलच नाही. पडद्यावरची पात्रे अशी होती: काही जुळणारी, काही जास्त चिकटणारी, काही कमी दखल घेणारी.

मालिकेतील पाचही प्रयोगांत प्रयुक्तांनी जुळणाऱ्या पात्राची निवड खऱ्या माणसाच्या ऐच्छिक निवडीच्या सर्वांत जवळची ठरवली. चिकटणारे पात्र आणि दखल न घेणारे पात्र, दोन्ही मागे पडली.

दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. घातांक तोच ठेवूनही मालिका दोन प्रकारे घडवता येते. वरच्या उदाहरणातल्या ७५ डाव्या निवडी 'डावी, डावी, डावी, उजवी' अशा ठरलेल्या आवर्तनाने येऊ शकतात, किंवा प्रत्येक वेळी तीनास एक या संभाव्यतेने, पुढची निवड आधी सांगता येणार नाही अशा रीतीने येऊ शकतात. शंभर निवडींच्या अखेरीस बेरीज एकच. पण ज्या निवडी संभाव्यतेने घडत होत्या त्यांनाच प्रयुक्त ऐच्छिक म्हणायला राजी होते. म्हणजे पाहणाऱ्याला दोन गोष्टी एकत्र हव्या असतात: निवड परिणामांना धरून असावी, आणि तरीही तिचा प्रत्येक क्षण आधी सांगता येऊ नये.

या दोन गोष्टी एकत्र नांदणे वाटते तितके स्वाभाविक नाही. परिणामांना पूर्ण धरून असणारे वर्तन यंत्रासारखे भासते. पूर्ण अनिश्चित वर्तन वेड्यासारखे किंवा नाण्याच्या छापा-काट्यासारखे. इच्छास्वातंत्र्याच्या चर्चेत शतकानुशतके हेच दोन काठ दिसतात. सर्व काही आधीच ठरलेले असेल तर स्वातंत्र्य उरत नाही, आणि काहीच ठरलेले नसेल तर कृतीला कर्ता उरत नाही. जुळणारे, संभाव्यतेने निवडणारे पात्र या दोन काठांच्या मधल्या जागेचे मोजता येण्याजोगे वर्णन देते. मधली जागा आहे असे म्हणणारे पुष्कळ झाले. ती किती रुंद आहे आणि तिचा आकार काय, हे आकड्यांत मांडण्याचा हा प्रयत्न होता, आणि त्याबद्दल या संशोधकांचे ऋण मानले पाहिजे.

प्रयुक्तांना नेमके काय विचारले गेले

तरीही निष्कर्षाचा अर्थ लावताना थांबावे लागते. विचारलेल्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत: हे खऱ्या माणसासारखे वाटते का, आणि हे ऐच्छिक वाटते का. या दोहोंची उत्तरे नेहमी एकच येतील असे नाही.

याचे उदाहरण निवडीवरच्या प्रयोगांतच सापडते. हर्नस्टाइन यांच्या व्यवस्थेत तयार झालेले धान्य वाट पाहत राहते, म्हणून अधूनमधून दुसऱ्या कळीकडे फेरी मारणे शहाणपणाचे असते. पण समजा व्यवस्था वेगळी आहे: डावीकडच्या प्रत्येक निवडीला ७५ टक्के वेळा आणि उजवीकडच्या प्रत्येक निवडीला २५ टक्के वेळा बक्षीस मिळते, आणि काहीही साठून राहत नाही. येथे सतत डावीकडेच राहणाऱ्याला १०० निवडींत सरासरी ७५ बक्षिसे मिळतील. तीनास एक या प्रमाणात वाटून निवडणाऱ्याला सुमारे ६२. तरीही अशा खेळात पुष्कळ माणसे वाटून निवड करतात, हे मानसशास्त्रात अनेकदा दिसून आलेले आहे. म्हणजे जुळणी ही माणसाची ओळखीची सवय आहे, अगदी तिचा तोटा होत असतानाही. पडद्यासमोर बसलेल्या प्रयुक्ताने जुळणारे पात्र उचलले, तेव्हा त्याने ऐच्छिकता ओळखली की फक्त आपल्यासारखाच वागणारा कोणी ओळखला, हे या मांडणीतून वेगळे काढता येत नाही.

त्याहून खोल अडचण अशी, की ज्या पात्राला सर्वाधिक ऐच्छिक ठरवले गेले, त्याला इच्छा मुळीच नव्हती. ते एक सूत्र होते आणि सोबत यादृच्छिक, म्हणजे कोणताही क्रम न पाळणाऱ्या, संख्या देणारी एक आज्ञावली. हा आक्षेप घेऊन संपूर्ण मालिकाच निकाली काढणारेही सापडतील. मी तसे करणार नाही. खोटे नाणे चालले म्हणून खऱ्या नाण्याला खुणा नसतात असे होत नाही. उलट ते चालले याचा अर्थ त्याने योग्य खुणा उचललेल्या आहेत. फक्त खुणा नाण्याच्या ठिकाणी आणि मूल्य दुसऱ्या ठिकाणी असू शकते, एवढे ध्यानात ठेवायला हवे. ऐच्छिकतेचे मूल्य कोठे असते, या शोधासाठी मागे जाऊन १९८५ च्या एका प्रयोगाकडे पाहावे लागते.

अनिश्चिततेला मिळालेले बक्षीस

सुझन पेज आणि न्यूरिंजर यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कबुतराला दोन कळांवर मिळून ८ चोची मारायच्या होत्या. डावी-उजवीच्या अशा २५६ मालिका संभवतात. धान्य मिळण्याची अट ही, की आत्ताची मालिका मागच्या ५० मालिकांपैकी कोणत्याही मालिकेसारखी असता कामा नये. ५० मालिका आठवणीत ठेवणे कबुतराच्या आवाक्याबाहेरचे आहे, माणसाच्याही. ही अट पार पाडण्याचा व्यवहार्य मार्ग एकच उरतो, तो म्हणजे यादृच्छिक वागणे. पूर्णपणे यादृच्छिक चोची मारणाऱ्या काल्पनिक पक्ष्याला या अटीवर सुमारे ८२ टक्के वेळा धान्य मिळाले असते, असा हिशेब मांडता येतो. कबुतरे तेथवर पोहोचली नाहीत, तरी बहुसंख्य वेळा धान्य मिळवण्याइतकी विविधता त्यांनी आणली.

येथे शंका येते, की धान्य अधूनमधून चुकल्याने कबुतर अस्वस्थ होत असेल आणि त्या अस्वस्थतेतून विविधता आपोआप येत असेल. ती तपासण्यासाठी संशोधकांनी त्याच पक्ष्यांना दुसऱ्या टप्प्यात धान्य अगदी तेवढेच आणि त्याच क्रमाने दिले, फक्त विविधतेची अट काढून टाकली. कोणतीही मालिका चालेल. धान्य मिळण्याचे आणि चुकण्याचे प्रमाण तेच राहिले, आणि विविधता मोठ्या प्रमाणावर ओसरली. पक्षी त्याच त्या थोड्या मालिका पुन्हा पुन्हा करू लागले. म्हणजे अनिश्चितता ही अस्वस्थतेची सावली नव्हती. ती परिणामांनी घडवलेली होती, जसे चोच मारणेही परिणामांनी घडते. मालिकेच्या पुढच्या भागात तर असे दिसले, की कळांच्या प्रकाशाचा रंग एक असेल तर विविध वागायचे आणि दुसरा असेल तर ठरलेली एकच मालिका करायची, हेही कबुतर शिकते. रंग बदलला की तोच पक्षी अनिश्चिततेतून निश्चिततेत जातो आणि परत येतो.

माझ्या दृष्टीने या साऱ्या परंपरेतील सर्वांत अर्थपूर्ण दृश्य हेच आहे. एका रंगाखालची कबुतराची मालिका पाहणाऱ्याने त्याला नाण्यासारखे यादृच्छिक म्हटले असते, दुसऱ्या रंगाखालची पाहणाऱ्याने यंत्र म्हटले असते. दोन्ही पाहणाऱ्याला दिसते की हा प्राणी आपल्या वर्तनाची अनिश्चितता परिस्थितीनुसार कमी-जास्त करू शकतो. माणसांबाबतही न्यूरिंजर यांनी १९८६ मध्ये दाखवले, की 'यादृच्छिक आकडे द्या' एवढेच सांगितले तर माणसे ढोबळ पॅटर्न करतात, पण प्रत्येक फेरीनंतर आपली मालिका यादृच्छिकतेपासून किती दूर आहे हे आकडेवारीने दाखवत गेले, तर ती हळूहळू अशा मालिका देऊ लागतात ज्या सांख्यिकीय कसोट्यांवर यादृच्छिक मालिकांपासून वेगळ्या काढता येत नाहीत. तेव्हा अनिश्चितता हे कौशल्य आहे, शिकता येणारे. शिकाऱ्यापासून पळणाऱ्या प्राण्यांच्या नागमोडी धावेत हेच कौशल्य दिसते.

२०१० मध्ये न्यूरिंजर आणि जेन्सन यांनी या दोन्ही धाग्यांना एकत्र आणून असे मांडले, की ऐच्छिक वर्तनाचे वैशिष्ट्य एखाद्या ठरावीक प्रमाणातल्या अनिश्चिततेत नसून, परिणामांच्या आधारे अगदी निश्चितपासून अगदी अनिश्चितपर्यंत जाता-येता येण्यात आहे. मला ही मांडणी २००७ च्या निष्कर्षापेक्षा पुष्कळ बळकट वाटते, आणि तिच्या उजेडात २००७ च्या प्रयोगातील उणीव स्पष्ट दिसते: तेथे प्रयुक्ताला प्रत्येक पात्राची एक चालती मालिका दिसत होती, पात्राची एका रीतीवरून दुसऱ्या रीतीवर जाण्याची क्षमता दिसत नव्हती.

वारीला जाणारा माणूस

उणीव किती महागात पडते, ते एका ओळखीच्या उदाहरणाने पाहू. दरवर्षी आषाढी एकादशीला पंढरपूरला चालत जाणारा वारकरी घ्या. त्याच्या निवडीत अनिश्चितता नाही. ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्या निघाल्या की तो निघतो. थकवा, पाऊस, शेतीची कामे, वाढता खर्च असे परिणाम दरवर्षी बदलतात, पण त्यांचा त्याच्या निवडीवर फरक दिसत नाही. बॉम यांच्या सूत्रात बसवायचे झाले तर तो एका पर्यायाला पूर्ण चिकटलेला आहे आणि २००७ च्या प्रयुक्तांनी पडद्यावर त्याची मालिका पाहिली असती, तर बहुधा तिला फारशी ऐच्छिक म्हटले नसते. तरी वारी हे स्वेच्छेने केलेल्या कृतीचे महाराष्ट्रातील अत्यंत स्पष्ट उदाहरण आहे, याबद्दल मला शंका नाही. कोणी बोलावत नाही, न गेल्यास कोणी शिक्षा करत नाही.

त्याच्या शेजारी दुसरा माणूस ठेवा, ज्याला दर महिन्याला सावकाराचा माणूस दारात उभा राहून पैसे द्यायला लावतो. त्याचीही मालिका शंभर टक्के निश्चित आहे. पडद्यावर दोन्ही मालिका सारख्याच दिसतील.

दोघांतला फरक दोन ठिकाणी सापडतो. पहिला आहे क्षमतेत: वारकऱ्याला डॉक्टरांनी सांगितले की हृदयाची अवस्था चालण्यासारखी नाही, किंवा त्याच वेळी घरात कोणी अत्यवस्थ झाले, तर तो कारण समजून घेऊन थांबू शकतो, आणि थांबला नाही तरी त्याने कारण तोलले आहे, हे त्याच्या बोलण्यातून कळते. ही क्षमता प्रयोगाच्या आवाक्यात आहे. परिस्थिती बदलून पाहावी लागते, आणि माणसांच्या बाबतीत परिणामांबरोबर कारणेही, म्हणजे शब्दांत सांगितलेली कारणे, बदलून पाहावी लागतात. कबुतरासाठी प्रकाशाचा रंग जे काम करतो, ते माणसासाठी एक वाक्य करते.

दुसरा फरक मात्र वर्तनात नाहीच. तो आहे परिणाम कोणी ठेवले आहेत आणि कोणत्या हक्काने, यात. आपला कायदा ऐच्छिकतेकडे याच बाजूने पाहतो. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १४ मध्ये मुक्त संमती कशाला म्हणावे हे ठरवताना संमती देणाऱ्याच्या मनाचे वर्णन केलेले नाही. बळजबरी, अनुचित दबाव, लबाडी, दिशाभूल आणि चूक यांमुळे जी संमती मिळालेली नाही ती मुक्त, अशी वजाबाकीची व्याख्या आहे. कर्जदार पैसे देतो तेव्हा त्याचे स्नायू, त्याचा विचार, परिणामांबद्दलची त्याची संवेदनशीलता, सर्व शाबूत असते. किंबहुना धमकी चालते ती त्यामुळेच. निवडीवरचा कोणताही प्रयोग, जो केवळ निवडणाऱ्याच्या प्रतिसादांकडे पाहतो, त्याला ही बाजू दिसणार नाही. हा प्रयोगाचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. पण 'ऐच्छिक' हा शब्द वापरताना आपण दोन वेगळे प्रश्न एकाच नावाने विचारत असतो, याची जाणीव संशोधकांच्या लिखाणात अधिक असायला हवी होती.

संवेदनशीलता पुरेशी आहे का

परिणामांना धरून असणे ही ऐच्छिकतेची आवश्यक खूण आहे असे मानले, तरी ती पुरेशी आहे का, याचे उत्तर टूरेट विकाराकडे पाहिल्यावर अवघड होते. या विकारात मुलाला मान झटकणे, डोळे मिचकावणे, घशातून आवाज काढणे असे झटके येतात. डग्लस वुड्स आणि मायकल हिमली यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना झटके दाबून ठेवण्याची नुसती सूचना दिली तेव्हा फरक थोडा पडला. झटका न आलेल्या प्रत्येक छोट्या कालावधीला बक्षीस दिले, तेव्हा झटके पुष्कळ अधिक घटले. म्हणजे झटके परिणामांना दाद देतात. तरी ज्यांना ते येतात ती माणसे सांगतात, की आधी आत एक असह्य ओढ दाटून येते आणि झटका दिल्याशिवाय ती सुटत नाही. हे वर्तन धड प्रतिक्षिप्त नाही आणि धड ऐच्छिकही नाही.

अशा वर्तनाला एका किंवा दुसऱ्या खणात ढकलण्यापेक्षा, किती परिणाम, किती वेळ आणि किती किमतीवर ते बदलते हे मोजणे मला योग्य वाटते. पालकाने किंवा शिक्षकाने 'मुद्दाम करतो' असे म्हणून मुलाला शिक्षा करणे आणि 'त्याच्या हातात काहीच नाही' असे म्हणून उपचार सोडून देणे, हे दोन्ही अन्याय आहेत. निवडीच्या प्रयोगांनी दिलेली मापनाची पद्धत येथे थेट कोणाच्या तरी उपयोगी पडते. म्हणून या प्रयोगांना केवळ तत्त्वज्ञानाचा खेळ समजणाऱ्यांशी माझे जुळत नाही.

लिबेट यांचा प्रयोग येथे का पुरत नाही

या विषयावर बोलताना मेंदूवर संशोधन करणारे बेंजामिन लिबेट यांचे नाव हमखास निघते, तेव्हा थोडक्यात त्याबद्दल. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात माणसाने मनाला येईल तेव्हा मनगट हलवायचे होते. हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूतील विद्युत बदल सुरू होई, तर 'आता हलवावे' ही जाणीव सुमारे पाव सेकंदाहूनही कमी वेळ आधी नोंदली जाई. त्यावरून निर्णय मेंदू आधीच घेतो आणि इच्छा मागून येते, असा अर्थ अनेकांनी काढला. २०१२ मध्ये आरोन शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की तो विद्युत बदल मेंदूतील यादृच्छिक चढउतार एका उंबरठ्यापर्यंत पोहोचण्यातूनही तसाच दिसू शकतो.

मला महत्त्वाचे वाटते ते आणखी वेगळे आहे. लिबेट यांच्या प्रयोगात मनगट आता हलवले काय आणि दोन सेकंदांनी हलवले काय, त्यावर काहीही अवलंबून नव्हते. परिणाम पूर्णपणे वगळून ऐच्छिकता शोधण्याचा तो प्रयत्न होता, आणि परिणाम वगळले की निवड उरते का, हाच मूळ प्रश्न आहे. २००७ च्या मालिकेने निदान परिणामांना केंद्रस्थानी ठेवले.

पुढचा प्रयोग

वरील सर्व लक्षात घेऊन मालिकेचा पुढचा टप्पा कसा असावा, याची मांडणी करता येते. पात्रे तीच ठेवावीत, परंतु प्रत्येकाचे दोन भाग दाखवावेत आणि मध्ये एक बदल घडवावा. काही पात्रांसाठी बक्षिसांचे प्रमाण उलटावे. काहींसाठी 'प्रतिस्पर्ध्याला तुमची पुढची निवड ओळखता येता कामा नये' असे सांगावे. काहींसाठी 'सहकाऱ्याला तुमची पुढची निवड ओळखता आलीच पाहिजे' असे. बदलानंतर काही पात्रांनी आपली रीत बदलावी, काहींनी जुनीच चालू ठेवावी. प्रयुक्तांना दोन प्रश्न स्वतंत्र विचारावेत: हा माणूस वाटतो का, आणि हे त्याने स्वेच्छेने केले असे वाटते का. माझी अपेक्षा अशी, की दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात जुळणीच्या घातांकाचे वजन घटेल आणि सांगितल्यावर बदलता येण्याचे वजन वाढेल. पूर्ण निश्चित वागणारे पात्रसुद्धा, जर सांगितल्यावर अनिश्चित होऊ शकले असेल, तर वरचे स्थान मिळवील. अपेक्षा चुकली आणि जुळणारे पात्रच पुन्हा पुढे राहिले, तर वारकऱ्याच्या उदाहरणावर बांधलेला माझा युक्तिवाद मला मागे घ्यावा लागेल.

एक तिसरी अवस्था मात्र या मांडणीत वेगळी ठेवावी लागेल. त्याच पात्राची तीच मालिका दोन गटांना दाखवायची. एका गटाला सांगायचे की बक्षिसे खेळाच्या नियमाने मिळतात, दुसऱ्या गटाला सांगायचे की निवड चुकल्यास पात्राला इजा करण्याची धमकी दिलेली आहे. प्रतिसाद अक्षरशः तेच असताना दोन गटांचे निवाडे वेगळे आले, तर तेवढ्या फरकाइतका ऐच्छिकतेचा भाग निवडणाऱ्याच्या वर्तनात कधीच नव्हता, हे मोजून दाखवता येईल, आणि निवडीच्या प्रयोगांनी उरलेल्या भागावर आपला हक्क निःशंकपणे सांगावा.